हसलेला अनारसा आणि पाकिटातलं पीठ

गेले दोन शनिवार ब्लॉगला दांडी झाली, कारण रिलीज होता. आता शिर्डीला घरी आलोय, चहा झालाय आणि समोर फ्रिजवर एक स्टीलचा डबा दिसतोय. त्यावर माझ्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी आहे: 'गुलाबजाम मिक्स, घरचं. सोडा घातलेला आहे, परत घालू नये.' आजचा लेख या डब्याबद्दल. म्हणजे सुरुवात या डब्यापासून नाही, एका फजितीपासून आहे.

२०२३ साली अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. ताईचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणजे जावयाचं पहिलंच धोंड्याचं वाण. तेहेतीस अनारसे, तांब्याचं ताट, दिवा, सगळं साग्रसंगीत. आजीचे गुडघे गेलेले आणि आईची नोकरी. मग आईने दुकानातून अनारशाच्या तयार पिठाची पाकिटं आणली. (ब्रँड सांगत नाही. पुढे कळेल की दोष एकट्या पाकिटाचा नव्हताच.) पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अनारसा तुपात पडल्यावर विरघळून फुटून कढईभर पसरला की 'अनारसा हसला' म्हणतात. दुसरा हसला, तिसरा हसला. आई मात्र रडायच्या बेताला आली. पाकिटामागे वाचलं, तर तिथे चारच ओळी होत्या: पाणी घाला, मळा, थापा, तळा. हसला तर काय करायचं, ते कुठेच नाही!

आजी कॉटवरून म्हणाली, "गूळ जास्ती झालाय त्याच्यात. कोरडी पिठी हाय का घरात? थोडी मिसळ, न् जाळ कमी कर." तांदळाची पिठी मिसळली, गॅस बारीक केला, चौथा अनारसा जाळीदार निघाला. बाहेरच्या खोलीत भावोजींना पत्ताही लागला नाही.

रात्री आई म्हणाली, "मी पाकीट आणायलाच नको होतं. लोक म्हणतील, हिला घरचं काही येत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. घरचं म्हणजे नक्की काय? आणि पाकीट म्हणजे बाहेरचं, हे कधी ठरलं? मग पुढचे बरेच वीकेंड मी याच विषयात घातले. इंजिनिअर माणसाला काम नसलं की असं होतं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी. अनारशाचं पीठ हेच मुळात 'इन्स्टंट मिक्स' आहे! जुना तांदूळ तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. मग उपसून सावलीत फडक्यावर पसरायचा, पूर्ण वाळू द्यायचा नाही, दमट असतानाच कुटायचा आणि चाळायचा. जवळपास तेवढाच गूळ आणि थोडं तूप घालून मळायचं, गोळे करून डब्यात दाबून ठेवायचे. चार-पाच दिवसांनी पीठ मुरतं आणि मग कितीतरी आठवडे टिकतं. पाहुणे आले की गोळा काढा, दुधाचा हबका किंवा केळ्याचा तुकडा लावून मऊ करा, खसखशीवर थापा, तळा. आठ दिवसांचं काम आधी उरकून ठेवलेलं, आयत्या वेळचं काम वीस मिनिटांचं. आमच्या भाषेत प्री-कंपाइल्ड लायब्ररी :-)

शेवयांचंही तेच. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका एकत्र बसून पाटावर शेवया वळायच्या, काठीवर वाळवायच्या, आणि वर्षभर खीर दहा मिनिटांत. सातूचं पीठ घ्या: भाजून दळून ठेवलेलं, गूळ आणि दूध कालवलं की झालं. थोडक्यात, आयत्या पिठाची कल्पना आपल्याला कुठल्या कंपनीने शिकवलेली नाही.

बरं, कंपन्यांना तरी कोणी शिकवली? इथे थोडं इंग्लंडला जावं लागेल. बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचा केमिस्ट होता. त्याच्या बायकोला अंडं चालत नसे आणि यीस्टही. म्हणून त्याने १८३७ साली अंड्याऐवजी कॉर्नफ्लोअर वापरून कस्टर्ड केलं, आणि १८४३ मध्ये यीस्टशिवाय पाव फुगावा म्हणून बेकिंग पावडर. म्हणजे जगातल्या एका प्रसिद्ध डेझर्ट पाकिटाचा जन्म एका घरात, बायकोला गोड खाता यावं म्हणून झाला. नंतर त्याचा कारखाना झाला. आपल्याकडे ही बिनअंड्याची पावडर शाकाहारी घरांत इतकी रुळली, की फ्रूट कस्टर्डशिवाय लग्नाचं जेवण होईना.

आता पुण्याला येऊ. वेकफिल्ड कंपनी १९५६ साली पुण्यातच सुरू झाली, कस्टर्ड पावडर म्हटलं की आपल्याला आठवते तीच. १९६३ साली पुण्यातच गिलानी आणि तेजानी या दोघांनी गिट्स सुरू केली. चितळ्यांचं गुलाबजाम मिक्सही पुण्याचंच. म्हणजे मी ज्या शहरात कोड पाडतो, ते भारतातल्या आयत्या गोडाच्या पाकिटांचं मोठं केंद्र आहे, आणि मला वाटायचं की पुण्यात फक्त आयटी आणि बाकरवडी आहे.

पण साठच्या दशकातच हे का व्हावं? कारण दूध. गुलाबजाम खव्याचा. एक लिटर म्हशीच्या दुधाचा खवा होतो साधारण दोनशे ग्रॅम, आणि त्यात पाव हिस्सा तरी पाणी असतं. त्यामुळे उन्हाळ्यात तो दुसऱ्या दिवशी आंबतो. वर भेसळीची भीती. दूधही पुरेसं नव्हतं. १९६५ साली पश्चिम बंगाल सरकारने तर दूध वाचवण्यासाठी छेन्याच्या मिठायांवरच बंदीचा आदेश काढला होता. रसगुल्ल्याच्या राज्यात!

यावरचा उपाय आणंदला तयार झाला होता. म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. हरिचंद दलाया या इंजिनिअरने ती करून दाखवली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ ला नेहरूंच्या हस्ते अमूलच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. (इंजिनिअर हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय.) पावडरमध्ये पाणी उरतं फक्त तीन-चार टक्के, त्यामुळे ती महिनोन्‌महिने टिकते. पुष्टकाळात, म्हणजे थंडीत दूध जास्त असताना पावडर करून ठेवायची आणि कृशकाळात वापरायची. अनारशाच्या पिठामागचा विचारच हा, फक्त कारखान्याच्या आकाराचा. गुलाबजामचं पाकीट म्हणजे मुख्यतः हीच दूध पावडर आणि मैदा, थोडा स्निग्धांश, आणि फुगण्यासाठी सोडा व त्याला साथ देणारं एखादं कोरडं आम्ल. खव्याचा जाम स्वतःच्या तुपावर मऊ होतो. पावडरचा दगड होतो, म्हणून त्याला सोड्याची गरज. पाकिटाचं सगळं गुपित ते एवढंच.

गंमत म्हणजे आमचा नगर जिल्हा दूध-साखरेचाच. शिर्डीपासून जवळ लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५० च्या अखेरीस पहिलं गाळप झालं. आजही दिवाळीला सभासदांना सवलतीची साखर मिळते, आणि पिशवी घ्यायला रांग लागते. गावोगाव दूध संकलन केंद्रं. बाहेर रस्त्यावर पेढ्यांची दुकानं, संस्थानचा बुंदीचा लाडू पाकिटातून देशभर जातो. आणि या सगळ्याच्या मधोमध आमच्या घरी गुलाबजाम पाकिटाचे! पण विचार केला तर यात विसंगती काही नाही. भक्ताला हजार किलोमीटर टिकणारा प्रसाद लागतो, आणि आईला ऑफिसमधून आल्यावर तासाभरात होणारं गोड. दोघांचा प्रश्न वेळेचाच.

हे सगळं आजीला सांगत होतो, तर तिने मला गप्प केलं. म्हणाली, "पाकिटाचं कौतुक तुम्हाला. आम्ही बहात्तरला सुकडी खाल्लीय." आजीचं माहेर संगमनेरच्या जिरायत भागातलं. १९७२ च्या दुष्काळात ती धाकट्या काकाला कडेवर घेऊन माहेरच्या माणसांबरोबर खडी फोडायला जायची. तिथे कामावर सुकडी वाटायचे: भाजलेलं पीठ आणि गूळ, भुकटीसारखं. रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो. "गोड होती का गं?" मी विचारलं. "गोडच व्हती. पण पोरगं ती हातात घेऊन आधी माझ्याकडं बघायचं, मी खाल्ली का नाही ते." यावर मी काय बोलणार?

पुढे हीच सुकडी आणि शिऱ्याचं तयार मिश्रण अंगणवाडीच्या पाकिटांतून घरोघरी गेलं. हे पाकीट ठेकेदाराने बनवायचं की गावातल्या बायकांनी, हा वाद थेट सुप्रीम कोर्टात पोचला. ऑक्टोबर २००४ मध्ये कोर्टाने सांगितलं की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत. गावातले लोक, बचत गट आणि महिला मंडळं यांना प्राधान्य द्या. म्हणजे आईच्या मनात जो प्रश्न होता (पीठ कोणाच्या हातचं?) तो काही फक्त सासर-माहेरच्या टोमण्यांचा नाही. त्यावर देशातल्या सर्वोच्च न्यायालयाचा वेळ गेलाय.

आईच्या अपराधी भावनेबद्दलही थोडं. अमेरिकेतल्या केक मिक्सची एक गोष्ट सगळ्यांनी ऐकली असेल. म्हणे पाकिटात अंड्याची पावडरही होती, पण बायकांना आपण काहीच केलं नाही असं वाटायचं म्हणून केक खपेना. मग १९५० च्या दशकात अर्नेस्ट डिक्टर या मानसशास्त्रज्ञाने अंडं काढून टाका, ते त्यांना फोडू द्या असं सांगितलं, आणि खप वाढला. मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये हमखास ऐकवतात. पण ताजी अंडी घालायचं मिक्स पिट्सबर्गच्या पी. डफ अँड सन्स या कंपनीने १९३० च्या दशकातच पेटंट केलं होतं. तेव्हा बायकांच्या मनावर उगाच सगळं ढकलायला नको. ताज्या अंड्याने केक चांगला होतो, हे साधं कारणही असू शकतं.

तर माझा निष्कर्ष. पाकिटाने 'घरचं' संपवलं, असं मला वाटत नाही. आधी करून ठेवायचं काम घराने नेहमीच केलंय. फक्त ते आजीच्या काळी पाच-सहा बायकांच्या हातांत वाटलेलं होतं. ते हात पांगले. नोकरी करून आठ दिवसांचं पीठ एकट्या आईने करावं, ही अपेक्षाच चुकीची. पाकिटाने तिला ते आठ दिवस परत दिले, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. पण एक गोष्ट पाकिटात येत नाही: बिघडलं तर काय करायचं ते. आमच्याकडे कोड कोणीही लिहितो, प्रॉडक्शनला रात्री दोन वाजता बंद पडल्यावर जो दुरुस्त करतो तो खरा जाणकार. आजी म्हणजे ती व्यक्ती. आणि तिचं हे ज्ञान कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मी दोन कामं केली. एक, घरचं गुलाबजाम मिक्स. एक वाटी दूध पावडर, पाव वाटी मैदा, पाव चमचा खायचा सोडा. तीनदा चाळून कोरड्या डब्यात. करायच्या दिवशी दोन चमचे तूप चोळायचं, चमचाभर दही (सोड्याला आंबट हवंच) आणि लागेल तसं दूध घालून हलक्या हाताने गोळा करायचा. मळायचं नाही! पहिल्या खेपेला मी कणकेसारखं मळलं, तर जाम क्रिकेट खेळण्यालायक झाले. दुसऱ्या खेपेला आईला सोडा आहे हे माहीत नव्हतं, तिने परत घातला. जाम कढईतच फुटले. म्हणून ती चिठ्ठी.

दुसरं काम, आजीची वही. म्हणजे वही माझी, शब्द तिचे. अनारसा हसला तर कोरडी पिठी, जाळ कमी. कडक झाला तर केळं. जाळी पडली नाही तर पीठ अजून मुरलं नाही, दोन दिवस थांब. खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने तूप उडवायचं. आतापर्यंत अकरा पानं झालीत. प्रमाण विचारलं की आजी अजूनही 'अंदाजानं' म्हणते, मग मी वजनकाटा तिच्या हाताखाली सरकवतो आणि ती चिडते.

यंदा २०२६ ला, १७ मे पासून अधिक ज्येष्ठ. पीठ मी भिजवणार, असं घरी जाहीर करून टाकलंय. आई म्हणाली, "एक पाकीटही आणून ठेवते हो, असू दे." मी म्हटलं, आण.

असो. आजीने हाक मारलीय, बहुतेक वजनकाटा लपवलाय. तुमच्या घरी अनारसा हसला की काय करतात, जरूर कळवा. वहीत पानं शिल्लक आहेत.