दाखला, डोनेशन आणि कॅप राउंड

जून-जुलैत नवी मुंबईच्या उलव्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांत कानावर पडणारी भाषा वेगळीच असते. ‘नॉन-क्रिमीलेअर आलं का?’, ‘व्हॅलिडिटीची नुसती पावती चालेल का?’, ‘पहिल्याच राउंडला फ्रीझ केलं, की थांबलाय?’ बोलणाऱ्यांत आईबाप जास्त, मुले कमी. मुले मोबाइलवर गेल्या वर्षीचे कट-ऑफ बघत उभी असतात. गव्हाण-वहाळच्या आगरी-कोळी घरातली फाईल आणि सेक्टरातल्या टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेल्या घरातली फाईल एकाच काउंटरवर पडलेली असते. पहिल्या घराकडे पिढ्यानपिढ्यांचा महसुली पुरावा आहे, पण ज्या जमिनीचा तो पुरावा, ती जमीन नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोकडे गेलेली. दुसऱ्या घराकडे फ्लॅटचा करारनामा आहे, पण जातीचा मूळ कागद साताऱ्याच्या नाहीतर बीडच्या तहसिलात.

चांगल्या खासगी कॉलेजात शिरण्यासाठी एवढे कागद लागतात, ही गोष्ट तशी अलीकडची. त्याआधी लागायचे ते प्राचार्यांचे मत, आणि मधल्या काळात लागायची संस्थाचालकांची चिठ्ठी.

मुंबई इलाख्यातली जुनी खासगी कॉलेजे, म्हणजे १८३२ चे विल्सन, १८६९ चे सेंट झेविअर्स, १८८५ चे पुण्याचे फर्ग्युसन, यांच्या दारात सुरुवातीला झुंबड नव्हती. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये सुरू झाली आणि ती पार करणारेच इतके थोडे, की निवड दाराच्या खूप आधी होऊन गेलेली असे. इंग्रजी शाळा गावात आहे का, फी कोण भरणार, शहरात राहायचे कुठे, आणि कुठल्या जातीत जन्म झाला, ही खरी प्रवेश परीक्षा. म्हणूनच पुढे ज्यांनी दार मोठे करायचे ठरवले त्यांनी गुणांपेक्षा याच अडचणींवर हात ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले आणि दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग भरवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज उभे केले ते ‘कमवा आणि शिका’ म्हणत.

भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचेच महात्मा फुले कॉलेज १९७० मध्ये पनवेलला आले. उलवे, गव्हाण, न्हावे, वहाळ, मोरावे या गावांसाठी ही मोठीच सोय होती. भातशेती, मिठागरे आणि खाडीची मासेमारी यांवर जगणारा हा टापू तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ मध्ये. समोर मुंबई दिसायची, पण तिथल्या कॉलेजात रोज जाऊन येणे म्हणजे उरणला मोरा बंदर गाठायचे, लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि मग पुढची बस. वाशीचा खाडीपूल झाला १९७३ मध्ये. लोकल वाशीपर्यंत पोचली १९९२ मध्ये. अशा ठिकाणी झेविअर्सचा अर्ज भरायचा की रुईयाचा, असा प्रश्न फारशा घरांत पडत नव्हता.

आणि त्याच १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले.

नवे शहर म्हटले की शाळा-कॉलेजे आलीच. सिडकोने शिक्षणसंस्थांना भाडेपट्ट्याने, सवलतीच्या दरात भूखंड दिले. पण या भूखंडांवर पुढे जे पीक आले त्याचे बियाणे मंत्रालयात तयार झाले होते. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोवर महाराष्ट्रातली पैसेवाली मुले कर्नाटकात जात. मणिपालला टी. एम. ए. पै यांनी १९५३ मध्येच खासगी वैद्यकीय कॉलेज काढून ही वाट घालून दिली होती. आपली मुले आणि आपला पैसा सीमेपलीकडे का जाऊ द्यायचा, हा दादांचा रोकडा हिशेब. सरकारच्या तिजोरीवर भार नाही आणि इंजिनिअरही घरचेच. पुण्यात एमआयटी, भारती विद्यापीठाचे इंजिनिअरिंग कॉलेज आणि विश्वकर्मा, मुंबईत थडोमल शहानी, ही सगळी त्या एका वर्षाची लेकरे. आज नेरुळला असलेले रामराव आदिक इन्स्टिट्यूटही १९८३ चेच. ज्यांचे नाव त्याला दिले ते रामराव आदिक त्या वेळी उपमुख्यमंत्री होते. शिक्षणसम्राट हा शब्द मराठीत रूढ झाला तो याच पिकाकडे बघून. साखर कारखाना, सूतगिरणी आणि मग इंजिनिअरिंग कॉलेज, अशी ही चढण होती. दादांना दोष देणे सोपे आहे, पण सरकारकडे नवी कॉलेजे काढण्याइतके पैसे नव्हते आणि बारावी झालेल्या मुलांची रांग वाढतच होती, हेही विसरता येत नाही.

या कॉलेजांत प्रवेश कसा मिळे? गुणांवर काही जागा भरल्या जात, उरलेल्या डोनेशनवर. अर्जाची खिडकी एका मजल्यावर आणि खरा व्यवहार दुसऱ्या मजल्यावर. प्राचार्यांच्या टेबलावरचा अधिकार संस्थेच्या अध्यक्षांच्या केबिनमध्ये सरकला. बाप मुलाची गुणपत्रिका घेऊन जाई आणि तिथे आकडा ऐकून बाहेर येई.

ज्या महिन्यांत ही कॉलेजे उभी राहत होती, त्याच महिन्यांत उलव्याच्या शेजारी काय चालले होते तेही पाहण्यासारखे आहे. जासईचे दि. बा. पाटील स्वतः शिकून वकील झालेले, पनवेल-उरणचे शेकापचे नेते. जमिनीला रास्त मोबदला मिळावा म्हणून त्यांनी उभ्या केलेल्या आंदोलनावर १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे, १९९० मध्ये, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. ‘साडेबारा टक्के’ हा आकडा या पट्ट्यात लहान पोरालाही माहीत असतो. दरम्यान नेरुळला डी. वाय. पाटील आणि कामोठ्याला एमजीएम अशी दोन खासगी वैद्यकीय कॉलेजे १९८९ मध्ये सुरू झाली होती. जमीन देणाऱ्या गावांपासून ती सायकलच्या अंतरावर होती. फीच्या हिशेबाने मात्र मणिपाल तेवढ्याच अंतरावर होते.

आणखी एक गंमत काळाची. डोनेशन उघडपणे मागितले जात होते तेव्हा गावांकडे पैसा नव्हता. साडेबाराच्या भूखंडांतून पैसा येऊ लागला, तोवर डोनेशनला कायद्याने बंदी आली होती. महाराष्ट्राचा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा १९८७ चा. ठरलेल्या फीपेक्षा जास्त रक्कम घेणाऱ्याला त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. कायद्याने व्यवहार थांबला, असे कोणी शपथेवर सांगणार नाही.

पुढची वीस वर्षे प्रवेशाचा अर्ज खऱ्या अर्थाने सर्वोच्च न्यायालयात भरला गेला. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी व्यावसायिक कॉलेजांच्या जागांची सरळ वाटणी केली: निम्म्या ‘फ्री सीट’, सरकारी कॉलेजच्या फीत, निम्म्या ‘पेमेंट सीट’, भरघोस फीत, दोन्ही गुणवत्तेनेच भरायच्या. कागदावर हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात मुंबई-पुण्याच्या चांगल्या शाळांतली, क्लास लावलेली मुले फ्री सीट घेऊन जात आणि पाच-दहा गुणांनी मागे राहिलेला खेड्यातला मुलगा पेमेंट सीटवर त्यांचाही खर्च उचलत असे. या योजनेवर ही टीका सतत होत राहिली. ३१ ऑक्टोबर २००२ ला टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती योजना मोडीत काढली.

त्यानंतरचा महत्त्वाचा खटला तर थेट पुण्याचा. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार या प्रकरणात १२ ऑगस्ट २००५ ला सात न्यायाधीशांनी सांगितले, की विनाअनुदानित संस्थांवर सरकारला आपला कोटा लादता येणार नाही. एनआरआय जागा मात्र १५ टक्क्यांपर्यंतच, आणि प्रवेश पारदर्शक हवेत. खासगी संस्थांतल्या आरक्षणाचा प्रश्न त्यामुळे उघडा पडला आणि संसदेने त्याच वर्षी घटनादुरुस्ती करून कलम १५ (५) आणले. उलव्यातल्या मुलाच्या फाईलीत आज जात वैधता प्रमाणपत्र इतके मोलाचे का, याचे उत्तर या घडामोडीत आहे.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला २००४ पासून सीईटी आली. त्याआधी बारावीचे पीसीएमचे गुण हाच निकष, आणि त्यासाठी लातूर पॅटर्नचा दबदबा. मधे २०१४ आणि २०१५ ला जेईई मेनचा प्रयोग झाला आणि फसला. २०१६ ला सीईटी परत आली. २०१५ च्या कायद्याने प्रवेश आणि शुल्क या दोन्हींवर नियामक प्राधिकरणे बसवली आणि सीईटी सेल निर्माण केला. विनाअनुदानित कॉलेजांना वीस टक्क्यांपर्यंत संस्थास्तरीय जागा ठेवता येतात. बाकीचे प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून. अकरावीचे भांडण वेगळेच चालू होते. एसएससीच्या मुलांना झुकते माप देणारा पर्सेंटाइलचा फॉर्म्युला २००८ मध्ये आणि ९०:१० कोटा २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. २०१० चे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ उच्च न्यायालयात पडले, सर्वोच्च न्यायालयात तगले. मुंबई महानगरात अकरावीचे ऑनलाइन प्रवेश २००९ ला सुरू झाले, राज्यभर २०२५ ला.

उलव्यात हे सगळे उशिरा आणि एकदम आले. खारकोपरपर्यंत लोकल धावू लागली ११ नोव्हेंबर २०१८ ला. त्याआधी ऑप्शन फॉर्ममध्ये नेरुळ-बेलापूरच्या कॉलेजपुढेही बसचा हिशेब मांडावा लागे. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंतची रेल्वे आणि अटल सेतू एकाच दिवशी सुरू झाले, आणि दादर-माटुंग्याची कॉलेजे यादीत वर सरकू लागली. पण याच काळात नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे उठली; खुद्द मूळ उलवे गाव त्यांतले एक. टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळवला. गावच उठल्यावर तिथल्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर एक पत्ता, आधारवर दुसरा. ऑनलाइन अर्जाला अशा गोष्टी समजावून सांगता येत नाहीत. सरकारी सेतू सुविधा केंद्रात जाऊन प्रतिज्ञापत्र करावे लागते.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकारने पूर्ण उचलले. आगरी समाज ओबीसीत आहे, त्यामुळे गव्हाण-वहाळच्या मुलींना हा निर्णय मोठाच आधार आहे. अट मात्र एक: प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत विद्यापीठे यात बसत नाहीत. आणि इथेच मेख आहे, कारण रामराव आदिक इन्स्टिट्यूट पुढे डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात सामील झाले. खारकोपरहून थेट लोकलने नेरुळला उतरता येते, पण फीची सवलत घेऊन तिथे शिरता येत नाही.

८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या चार महिने आधी, १४ जूनला, यॉर्क, अॅबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची आयईडी या पाच विदेशी संस्थांना इथे कॅम्पस उघडण्यासाठी मुंबईत इरादापत्रे दिली गेली. त्यांच्यासाठी विमानतळाजवळ सिडकोची ‘एज्युसिटी’ नियोजित आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार अशा विदेशी संस्था विद्यार्थी कसे निवडायचे आणि फी किती घ्यायची हे स्वतः ठरवतात.