माळवदावरची ढाबळ

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या बारवेत डोकावलं, की पाणी दिसण्याआधी पंखांचा फडफडाट ऐकू येतो. निखळलेल्या चिऱ्याच्या खोबणीतून, देवकोष्ठातून, पायऱ्यांवरच्या कोनाड्यातून पारवे भुर्रकन बाहेर पडतात, वर एक घिरटी घालतात आणि माणूस दूर झाला की पुन्हा आत शिरतात. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची हेमाडपंती देवळं, परभणीजवळच्या पिंगळीची बारव ही नावं अलीकडे वारसाप्रेमींच्या तोंडी असतात. अशा बांधकामांवर पारव्याचा हक्क मात्र फार जुना आहे.

त्याला कारण आहे. पारवा हा झाडावरचा पक्षी नव्हे, कडेकपारीतला आहे. उभ्या खडकातली अरुंद, सावलीची, वरून झाकलेली जागा त्याला अंडी घालायला लागते. उत्तरेचे जिंतूरकडचे डोंगर आणि दक्षिणेची गंगाखेडकडची बालाघाटाची रांग सोडली, तर परभणी म्हणजे गोदावरी-पूर्णा-दुधनेच्या काठची सपाट काळी जमीन. इथे कडे नव्हते. ते माणसाने बांधले. विहीर, बारव, गढीचा बुरूज, देवळाचं शिखर आणि पुढे पूर्णा जंक्शनसारख्या ठिकाणची रेल्वेची शेड, हे सगळे पारव्याच्या लेखी कडेच. शेजारच्या शिवारात ज्वारी पिकत होतीच. कबुतर पाळण्याची कुळकथा सुरू होते ती या शेजारापासून. पिंजऱ्याचा नंबर फार नंतर लागतो.

जगातही क्रम हाच दिसतो. आज लक्का, लोटन, शिराजी, होमर अशा शेकडो जाती असल्या, तरी सगळ्यांचा मूळपुरुष एकच, कोलंबा लिव्हिया, म्हणजे आपला पारवा. मेसोपोटेमिया आणि इजिप्तकडच्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला आसरा दिला, तो आधी पोटासाठी. वर्षातून अनेकदा दोन-दोन अंडी देणारा आणि स्वतःचं दाणापाणी स्वतः शोधून संध्याकाळी परत येणारा प्राणी कोणाला नको असेल? इराणात इस्फहानच्या परिसरात सफवी काळात उंच बुरुजांची कबुतरघरं बांधली, ती मुख्यतः विष्ठेसाठी. ते खत टरबुजांच्या मळ्यात जाई. युरोपातल्या जहागीरदारांना कबुतरघरांतून मांसही हवं होतं आणि खतही.

आपल्याकडे जुन्या साहित्यात हा पक्षी दिसतो तो वेगळ्या कारणाने. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त विदूषक वसंतसेनेच्या वाड्याचे चौक एकेक करून पाहत जातो. सातव्या चौकात पक्ष्यांचं दालन आहे आणि तिथे पारव्यांच्या जोड्या एकमेकींच्या चोचीत चोच घालून सुखाने बसल्या आहेत. तिथे ना खताचा हिशेब, ना मांसाचा. घराच्या ऐश्वर्याला शोभा म्हणून, डोळ्यांना बरं वाटावं म्हणून ठेवलेली पाखरं ती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कबुतरासाठी स्वतःचं मांस तराजूत घालणारा शिबी राजा रंगवला आहे. आणि पैठणच्या एकनाथांनी १५७३मध्ये काशीत पूर्ण केलेल्या भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये एक कपोत आहे. पिल्लं पारध्याच्या जाळ्यात सापडली म्हणून आई धावली, तिच्यामागे बाप गेला आणि सगळं कुटुंब पारध्याच्या हाती लागलं. घरादाराची माया माणसाला कशी गुंतवते ते सांगायला ही कथा आहे. पक्ष्यांच्या अभ्यासकाला मात्र एक शंका येईल. मूळ भागवतातला कपोत रानात झाडावर घरटं करतो. पारवा तसं करत नाही, होला करतो. तेव्हा अवधूताचा गुरू बहुधा होला असावा. पण माया लावण्याचा जो गुण कथेला हवा होता, तो दोघांतही सारखाच.

कारण ही जात खरोखरच संसारी. नर-मादी एकदा जुळली की सहसा सोडत नाहीत. अंड्यांवर दोघंही पाळीने बसतात, साधारण मादी रात्रभर आणि नर दुपारच्या वेळात. अठरा दिवसांच्या आसपास पिल्लं बाहेर येतात, आंधळी, पिवळ्या लवेची. त्यांना पहिले काही दिवस दाणा नाहीच. आई आणि बाप दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत एक दुधासारखा घट्ट पदार्थ तयार होतो आणि पिल्लू त्यांच्या चोचीत चोच खुपसून तो ओढून घेतं. बाप दूध पाजतो असा पक्षी शोधून सापडणार नाही इतका विरळा. पाणी पिण्याची तऱ्हाही वेगळीच. कोंबडी घोट घेऊन मान वर करते. कबुतर चोच बुडवतं आणि ढोरासारखं एका दमात ओढतं. परभणीच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात गेला, की पसरट परातीत पाणी ठेवून पाहावं. आधी पिणं, मग त्यातच पंख पसरून आंघोळ आणि मग कुशीवर लवंडून एक पंख उन्हात वर धरून वाळवणं, असा कार्यक्रम चालतो.

शोभेच्या पाखराचा शौक झाला तो मुघल दरबारात, आणि त्याची हकिकत परभणीकरांना जवळची वाटावी अशी आहे. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे, तिच्यात पाथरी आहे. महसुलाच्या या रुक्ष नोंदी ज्या ग्रंथात आहेत, त्यातच कबुतरांवरही प्रकरण आहे. अकबर या छंदाला ‘इश्कबाजी’ म्हणत असे. दरबारात वीस हजारांवर कबुतरं, त्यातली पाचशे खासा. मुक्काम हलला की कबुतरंही ढाबळींसकट हलत. हवेत पूर्ण गिरकी ती ‘चर्ख’ आणि कोलांटी ती ‘बाजी’. खासा पाखराने किती चर्ख आणि किती बाजी कराव्यात याचाही हिशेब अबुल फजलने दिला आहे. दाण्याचं मिश्रण कसं असावं तेही सांगितलं आहे, आणि त्यात ज्वारी आहे. बादशहाच्या घराण्यात हा नाद जिवावरही बेतलेला होता. बाबराचे वडील उमर शेख मिर्झा १४९४मध्ये अख्सीच्या किल्ल्यात कड्याच्या टोकावरच्या कबुतरखान्यासह दरीत कोसळून वारले.

याच प्रकरणाने पुढे विज्ञानालाही हातभार लावला. चार्ल्स डार्विन १८५५पासून घरी कबुतरं पाळू लागला, लंडनच्या कबुतरवाल्यांच्या क्लबांत जाऊन बसू लागला. १८५९च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’च्या पहिल्याच प्रकरणात त्याने कबुतरांची चर्चा केली आणि तिथे अकबराच्या वीस हजार पाखरांचा दाखला दिला. इतक्या वेगवेगळ्या तोंडवळ्याची कबुतरं एकाच पारव्यापासून केवळ माणसाच्या निवडीने झाली असतील, तर निसर्ग काय काय करू शकेल, असा त्याचा युक्तिवाद. हिंदुस्थानातले नमुने त्याला पाठवले ते वॉल्टर एलियटने. हा मद्रासचा अधिकारी. उमेदीच्या काळात त्याने धारवाडकडच्या दक्षिण मराठा मुलखात नोकरी केली होती.

इकडे मराठवाडा १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९००च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे झाल्यावर परभणीहून राजधानी एका गाडीच्या अंतरावर आली. हैदराबादेत नवाबांपासून गल्लीतल्या पोरांपर्यंत कबुतरबाजी मुरलेली. मराठवाड्यातल्या कबुतरवाल्यांची बोली आजही त्या दख्खनी संस्काराची आहे: लक्का, लोटन, गिरेबाज, शिराजी. मांडणी मात्र इथली. मराठवाड्यातली माळवदाची घरं सपाट छपराची, मातीने लिंपलेली. त्या छपरावर फळ्यांची ढाबळ उभी करणं सोपं होतं. कौलारू कोकणात हे जमलं नसतं. माळवदाची जागा स्लॅबने घेतली तेव्हा ढाबळ गच्चीवर चढली. कुठे खोक्याच्या फळ्या, कुठे जुन्या कूलरचा पत्र्याचा सांगाडा आणि पुढे बारीक जाळी. मांजर रात्री येतं, मुंगूस आणि शिक्रा दिवसा येतात. जाळीवाचून कबुतर पाळणं म्हणजे त्यांना जेवायला बोलावणं.

या कलेतलं खरं कसब पकडून ठेवण्यात नाही, सोडण्यात आहे. नवी जोडी आणली की तिच्या पंखांची मोठी पिसं दोऱ्याने किंवा चिकटपट्टीने हलकेच बांधतात. पाखरू उडू शकत नाही, पण गच्चीभर फिरतं, आजूबाजूची छपरं, पाण्याची टाकी, मशिदीचा मिनार, लिंबाचं झाड न्याहाळतं. काही आठवडे असेच जातात. या काळात जोडीने अंडी घातली तर काम निम्मं झालं. पिल्लं सोडून ती कुठे जाणार? मग एखाद्या संध्याकाळी, दाणा द्यायच्या थोडं आधी, भुकेल्या पोटी पंख सोडायचे. पाखरू वर जातं, दोन चकरा मारतं, दाण्याचा डबा वाजला की उतरतं. कबुतरवाले त्याला ‘घर धरलं’ म्हणतात. घर धरलेलं पाखरू विकणारा पुष्कळदा फसवतो, तेही असं: पैसे घेतो, आणि चार दिवसांनी पाखरू स्वतःहून त्याच्याकडे परत. म्हणून जाणकार जुनं कबुतर घेत नाहीत, नुकतं दाणा टिपू लागलेलं पिल्लू घेतात.

१९८९च्या ‘मैंने प्यार किया’ या हिंदी सिनेमाने कबुतराला प्रेमपत्राचा पोस्टमन करून टाकलं. प्रत्यक्षात ते कोणाकडेही पत्र ‘नेत’ नाही. ते फक्त स्वतःच्या घरी येतं. ज्याला निरोप हवा, त्याच्या ढाबळीतलं पाखरू आधी पाठवणाऱ्याने टोपलीत घालून न्यावं लागतं. सूर्याची दिशा, पृथ्वीचं चुंबकत्व, वास आणि ओळखीच्या खुणा अशा बऱ्याच गोष्टींवरून ते वाट काढतं.

मायेच्या या व्यवहाराला एक काळी किनारही आहे. लकवा झालेल्या माणसाला कबुतराचं मांस किंवा रक्त दिलं की अंगात ऊब येते, असा समज गावोगाव आहे आणि त्यापायी कैक पाळलेली पाखरं मागून नेली जातात. वैद्यकात याला आधार नाही. लकव्याच्या रोग्याला पहिल्या काही तासांत इस्पितळात पोचवावं. तो वेळ पाखरू शोधण्यात घालवण्यासारखा नसतो.

पाळीव पाखरू म्हणून कबुतर टिकून राहिलं, त्यात कायद्याचाही वाटा आहे. एके काळी पडवीत टांगलेला मिठू घरोघर असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातली पाखरं पाळणं बंद केलं, पण संरक्षित पक्ष्यांच्या तेव्हाच्या यादीत कबुतरकुळाची नोंद करताना पारवा मुद्दाम वगळला. पोपट गेला, कबुतर राहिलं. पाळणाऱ्या पोराला हे कलम माहीत नसतं. शेजाऱ्याची तक्रार मात्र माहीत असते.

ती तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०२१च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या, बर्ड फ्लूचं निदान झालं आणि दहा किलोमीटरच्या परिघात पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीला बंदी आली. २०२५मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि राज्यभर कबुतरांच्या विष्ठेवरून वाद पेटला. चौकात पोतं रितं करून हजारो पारवे जमवणं आणि गच्चीवर दहा-बारा जोड्या निगुतीने सांभाळणं, या दोन गोष्टी त्या वादात सरसकट एकत्र झाल्या, हे बरोबर नव्हे. पण फुप्फुसाला हा फरक कळत नाही. पिसांची आणि सुकलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की फुप्फुसाला जी सूज येते, तिला इंग्रजी डॉक्टरांनी पाखरं पाळणाऱ्यांच्याच नावावरून ‘बर्ड फॅन्सिअर्स लंग’ म्हटलं आहे. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, ही पहिली लक्षणं. ढाबळ कोरडी झाडू नये. आधी पाणी शिंपडावं, मग खरवडावी. तोंडाला उपरण्याऐवजी मास्क लावावा, आणि दमेकरी माणसाच्या खिडकीवर ढाबळ बांधूच नये.