उंची जास्त म्हणजे ताकद जास्त? हेवीवेट बॉक्सिंगचा इतिहास काय सांगतो

‘डॉक्टर, मुलाला खेळात घालायचंय, उंची वाढवायचं एखादं इंजेक्शन आहे का?’ हा प्रश्न मला दवाखान्यात नेहमी विचारला जातो. उंच माणूस बलवान असणारच, असं आपण धरून चालतो. ते कितपत खरं आहे हे पाहायला हेवीवेट बॉक्सिंगसारखी दुसरी जागा नाही. बाकीच्या गटांत वजनाला वरची मर्यादा असते. या गटात ती नसते, त्यामुळे रिंगमध्ये कितीही धिप्पाड माणूस उतरू शकतो.

४ जुलै १९१९ या दिवशी अमेरिकेतल्या टोलेडो शहरात भर उन्हाळ्यात एक लढत झाली. विजेता जेस विलार्ड साडेसहा फुटांचा, वजन सुमारे १११ किलो. आव्हान देणारा जॅक डेम्प्सी सहा फूट एक इंच, वजन सुमारे ८५ किलो. पहिल्याच राऊंडमध्ये विलार्ड सात वेळा खाली पडला आणि तिसऱ्या राऊंडनंतर तो पुढे खेळायला उठलाच नाही. याच विलार्डने १९१५ साली हवानाच्या उन्हात जॅक जॉन्सनला २६व्या राऊंडमध्ये पाडलं होतं. उंची तेव्हाही तेवढीच होती. मधल्या चार वर्षांत मात्र त्याने किताब पणाला लावून एकच लढत दिली होती आणि वय ३७ झालं होतं.

दुसरं उदाहरण इटलीच्या प्रिमो कार्नेराचं. हाही साडेसहा फुटांच्या आसपास. १९३३ साली तो जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी मॅक्स बेअरने त्याला पुन्हा पुन्हा खाली पाडलं आणि अकराव्या राऊंडमध्ये लढत थांबवावी लागली. बेअर त्याच्यापेक्षा सुमारे २४ किलोंनी हलका होता.

असं का होतं? याचं गणित गॅलिलिओने १६३८ सालीच मांडून ठेवलं आहे. समजा, सहा फुटांच्या माणसाची ठेवण तशीच ठेवून त्याला सात फुटांचा केला. त्याचं वजन जवळपास ५९ टक्क्यांनी वाढेल. हाडांची आणि स्नायूंची जाडी, म्हणजे आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, मात्र ३६ टक्क्यांनीच वाढेल. ताकद या जाडीवर अवलंबून असते. म्हणजे एकूण ताकद वाढली, तरी प्रत्येक किलोमागे ती कमी झाली. गुडघ्यांवर भार वाढला, वळायला आणि वाकायला वेळ जास्त लागू लागला. घाम सुकून अंग थंड व्हायला त्वचाही वजनाच्या मानाने कमी पडते, म्हणून उन्हात दमछाक लवकर होते.

मग उंचीचा फायदा काहीच नाही का? आहे, आणि तो लांब हाताचा आहे. समोरच्याचा ठोसा पोहोचत नाही तिथून आपला पोहोचतो. व्लादिमिर क्लिच्को साडेसहा फुटांचा. लांब डाव्या हाताने प्रतिस्पर्ध्याला सतत दूर ठेवत त्याने २००६ ते २०१५ किताब राखला. त्याला हरवलं ते त्याच्याहूनही उंच, सहा फूट नऊ इंचांच्या टायसन फ्युरीने. पण क्लिच्कोचे पाय हलते होते आणि तंत्र घोटीव होतं, हे विसरू नका.

सात फुटी, १४३ किलोंच्या निकोलाय वालुएवची गोष्ट वेगळी. २००९ साली न्यूरेंबर्गमध्ये डेव्हिड हेने त्याला गुणांवर हरवलं. हे त्याच्यापेक्षा सुमारे ४५ किलोंनी हलका होता. तो मारायचा आणि ठोसा परत येण्याआधी बाजूला व्हायचा. पुढे २०२४ साली फ्युरीलाही सहा फूट तीन इंचांच्या उसिकने दोनदा हरवलं. शिवाय पावणेसहा फुटांच्या थोडा वर असलेला रॉकी मार्सियानो ४९ लढतींत एकदाही हरला नाही. थोडक्यात, चपळाई शाबूत असेल तोवर उंची कामाची. त्यापुढे ती ओझं होते.

आता डॉक्टर म्हणून मला ज्यासाठी हे लिहायचं होतं, ते सांगतो. काही माणसांची उंची ही आजाराची खूण असते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिथे गाठ झाली आणि ग्रोथ हॉर्मोन जास्त पाझरू लागलं, तर वाढीच्या वयात माणूस अवाढव्य उंच होतो. वाढ थांबल्यानंतर हे झालं, तर उंची वाढत नाही, पण हात, पाय आणि जबडा मोठे होतात. या दुसऱ्या आजाराला ॲक्रोमेगॅली म्हणतात. पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी त्याला हे नाव १८८६ साली दिलं. या रुग्णांचे स्नायू दिसायला मोठे असले तरी अनेकदा अशक्त असतात. सोबत मधुमेह, रक्तदाब आणि हृदयाचे त्रासही येतात. आपल्याकडचे कुस्तीपटू ‘द ग्रेट खली’ यांची अशीच गाठ २०१२ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेने काढली. अर्थात, प्रत्येक उंच माणूस आजारी नसतो. फोटो बघून कुणाचं निदान करू नका.

पण स्वतःकडे आणि घरच्यांकडे जरूर लक्ष द्या. मोठ्या वयात चपलेचा नंबर वाढतोय, अंगठी घट्ट होतेय, दातांत फटी पडताहेत, घोरणं आणि घाम वाढलाय, डोकं दुखतंय, बाजूचं नीट दिसत नाही, किंवा मूल भावंडांच्या आणि आईवडिलांच्या मानाने फारच झपाट्याने उंच होतंय, तर डॉक्टरांना दाखवा. आयजीएफ-१ ही रक्ताची तपासणी आणि गरजेनुसार एमआरआय केल्यावर निदान होतं. नाकातून शस्त्रक्रिया करता येते, औषधंही आहेत. हा बदल इतका सावकाश होतो की घरच्यांच्या लक्षात येत नाही. दहा वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवून बघा.

आणि सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर: निरोगी मुलाला केवळ खेळासाठी ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन देऊ नका. जो आजार काढायला आम्ही शस्त्रक्रिया करवतो, त्याचेच धोके तुम्ही विकत घ्याल. मूल आहे त्या उंचीवर खेळू दे, आणि डोक्याला मार लागला तर त्या दिवशी पुन्हा मैदानात पाठवू नका. उंच असो वा बुटका, मेंदू दोघांचाही तेवढाच नाजूक असतो.