औषधाचें मोल

१९३६ सालच्या डिसेंबरांत खानदेशांतील फैजपूर येथें राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें. खेडेगांवीं भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. अध्यक्षपदीं पंडित जवाहरलाल नेहरू होते, आणि बांबू-चटयांचें टिळकनगर नंदलाल बोस यांच्या कल्पनेनें सजलें होतें. तेथें खादीचा व ग्रामोद्योगांचा गौरव झाला, तो योग्यच होता. परंतु वस्त्रापुरती स्वदेशी साधून भागत नाहीं. तापानें फणफणलेल्या मुलाच्या उशाशीं जी बाटली ठेवावी लागते, ती कोठून येते व तिला काय पडतें, हाहि स्वराज्याचाच प्रश्न होय.

हा प्रश्न हातीं घेणारे एक गृहस्थ त्या वेळीं मुंबईंत होते. बर्लिन येथें रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवून आलेले ख्वाजा अब्दुल हमीद यांनीं १९३५ सालीं ‘सिप्ला’ ही औषधें तयार करणारी कंपनी स्थापिली. १९३९ सालीं महात्माजींनीं तिला भेट दिली. फैजपूरचें अधिवेशन झालें त्याच वर्षाच्या जुलैंत हमीदांचे पुत्र युसुफ यांचा जन्म युरोपांतील विल्नियस शहरीं झाला. ते मुंबईंत वाढले, केंब्रिज येथें सर अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखालीं रसायनशास्त्र शिकले, आणि १९६० सालीं वडिलांच्या कारखान्यांत दाखल झाले.

विद्या होती, कारखाना होता. आडवा येत होता तो कायदा. १९११ सालच्या परकी अमदानींतील कायद्यानें नव्या औषधाची मालकी शोधकर्त्या कंपनीकडे जाई, व दुसऱ्या कोणास तें करतां येत नसे. हा कायदा बदलावा म्हणून झटणाऱ्या देशी कारखानदारांत युसुफ हमीद होते. अखेर १९७० सालीं नवा कायदा झाला व १९७२ पासून तो अंमलांत आला. त्याचें मर्म सोपें आहे. भरीत करण्याच्या एखाद्या खास रीतीवर कोणी हक्क सांगावा. परंतु खुद्द भरितावर हक्क सांगूं नये. औषधालाहि हाच न्याय लागला. निराळ्या रीतीनें तेंच औषध तयार करण्याची मोकळीक मिळाली, आणि स्वस्त जेनेरिक औषधांचा धंदा देशांत फोफावला.

त्याची खरी कसोटी २००१ सालीं लागली. एड्सला आवर घालणारीं औषधें निघालीं होतीं. पण तीन औषधांच्या उपचारास एका रोग्यामागें वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. आफ्रिकेंतील लक्षावधि रोग्यांच्या दृष्टीनें तीं औषधें असून नसल्यासारखींच होतीं. त्या फेब्रुवारींत हमीद यांनीं तोच उपचार परोपकारी डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेस वर्षाला ३५० डॉलरांत देऊं केला. म्हणजे दिवसाला एक डॉलरहि नव्हे! पुढें इतर कारखानेहि पुढें सरसावले आणि किंमती आणखी उतरल्या.

ह्यावर प्रतिपक्ष विचारतो: संशोधनास लागणारा अफाट पैसा कोठून निघावा? हा प्रश्न खोटा नाहीं. शोध करणाऱ्यास मोबदला मिळालाच पाहिजे, आणि मूळ शोधाचें श्रेय जेनेरिक कारखानदाराकडे जात नाहीं. स्वतः हमीद यांचें म्हणणें असें कीं, मोबदला द्यावा, मक्तेदारी देऊं नये. जागतिक व्यापार-करारास अनुसरून २००५ पासून भारतांतहि औषधाच्या पदार्थावर पेटंट पुन्हा मिळूं लागलें. म्हणून हा वाद मिटलेला नाहीं. त्याच वर्षीं सरकारनें हमीद यांस पद्मभूषण देऊन गौरविलें.

रोग गरीब-श्रीमंत पाहत नाहीं. औषधाची किंमत मात्र पाहते. ती किंमत केवळ प्रयोगशाळेंत ठरत नसून कायद्यांत आणि माणसाच्या नियतींतहि ठरते, हें ह्या चरित्रानें दाखवून दिलें. फैजपूरच्या मांडवांत सुताविषयीं जो विचार झाला, तोच विचार ह्या पितापुत्रांनीं औषधाविषयीं केला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.