मोरसचे बेट आणि खारीचे मीठ

भाईंदरकडील आमच्या खारी गावच्या घरी यंदा दूरच्या प्रवासाचा बेत शिजत आहे. चिरंजीव आणि सूनबाई यांनी तीन-चार प्रवासी कंपन्यांची चकचकीत पत्रके जेवणाच्या मेजावर मांडून ठेवली असून, सहा रात्री आणि सात दिवसांत मॉरिशस बेटावरील सारा आनंद कसा पदरात पाडून घेता येईल याचा हिशेब रोज रात्री जेवणानंतर चालतो. निळेशार पाणी, पांढरी पुळण, माडाखाली टांगलेली झोळी, आणि किनाऱ्याला लागूनच उभे असलेले विश्रामगृह, ही चित्रे खरोखरीच मन मोहून टाकणारी आहेत, आणि कष्टाने मिळवलेल्या पैशाचा काही अंश मुलाबाळांसह अशा रम्य स्थळी खर्च करावा ही इच्छा मला सर्वथा योग्य वाटते. मात्र त्या बेटाचे नाव घरात प्रथम उच्चारले गेले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहिला नाही. उभा राहिला तो माझ्या आजीच्या फडताळातला एक पत्र्याचा डबा.

त्या डब्यात साखर असे, आणि आजी तिला साखर न म्हणता ‘मोरस’ म्हणे. रोजच्या चहाला गूळ, आणि पाहुणा आला म्हणजे मोरस, असा तिचा दंडक होता. चीनमधून आली ती चिनी, मिसर देशाच्या नावावरून मिसरी, तशीच मॉरिशसहून गलबते भरून मुंबई बंदरी उतरणारी शुभ्र दाणेदार साखर ती मोरस, ही व्युत्पत्ती मला पुष्कळ वर्षांनी कळली. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी कापडाबरोबर ज्या साखरेवर बहिष्काराची हाक घातली गेली तीत ही मोरस होतीच. म्हणजे ज्या बेटाचा पत्ता आज आमच्या घरातील मंडळी भ्रमणध्वनीवर शोधीत आहेत, ते बेट आमच्या स्वयंपाकघरात कित्येक पिढ्या मुक्कामास होते, आणि त्याची कुणाला दादही नव्हती.

बेटाचे अप्रूप खारीच्या माणसाला वाटावे याचेही मला थोडे नवल वाटते, कारण आम्ही स्वतः बेटावरचेच रहिवासी आहोत. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांच्यामध्ये पसरलेली ही साष्टी रेल्वेच्या पुलांमुळे आणि भरावांमुळे बेट असल्याचे विसरली आहे एवढेच. १५३४च्या तहाने ही भूमी वसईसह गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ ते १७३९च्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी ती मराठी अंमलाखाली आणली, १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२च्या सालबाईच्या तहनाम्याने साष्टी त्यांच्या पदरी कायमची पडली. इतकी राज्ये बदलली तरी ज्या एका गोष्टीवर प्रत्येक सरकारची दृष्टी राहिली ती गोष्ट म्हणजे येथील मीठ.

भाईंदर, नवघर, गोडदेव, खारी, मिरे या गावांच्या खालच्या अंगाला भरतीचे पाणी शिरणारी खाजणे पसरलेली आहेत, आणि आमच्या गावाच्या तर नावातच खार आहे. येथे १९८५ साली स्थापन झालेल्या नगरपरिषदेची २००२ साली महानगरपालिका होऊन आज त्या खाजणांच्या कडेने उंच इमारतींची रांग उभी राहिली असली, तरी माझ्या पिढीने येथे मिठागरांचा संसार डोळ्यांनी पाहिला आहे. पाऊस संपून जमीन सुकू लागली की आगरांचे बांध दुरुस्त करावयाचे, तळ चोपून आणि पायांनी तुडवून आरशासारखा सपाट करावयाचा, उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यावयाचे, आणि मग एका कोंडीतून दुसरीत व दुसरीतून तिसरीत असे ते फिरवीत उन्हावर आटवीत न्यावयाचे, की शेवटच्या कोंडीत त्याच्या पृष्ठावर स्फटिकांची साय धरते. ती फावड्याने ओढून बांधावर ढीग घालावयाचे आणि मृगाच्या आत ते गवताने शाकारून ठेवावयाचे, हा आगरी माणसाचा वर्षक्रम. त्याचे पाय त्या खाऱ्या पाण्यात उभे राहून राहून इतके निबर होत, की चितेवर सारा देह जळाला तरी तळपाय जळत नाहीत असे आमच्याकडे म्हणत. हे बोलणे अतिशयोक्तीचे खरे. परंतु ते बोलणारांच्या आवाजात जो शीण असे तो मी विसरलेलो नाही.

या मिठावर १८३७ साली कंपनी सरकारने कायदा करून मणामागे आठ आणे कर बसविला आणि १८४४ साली तो एक रुपयावर नेला. त्या वाढीविरुद्ध सुरत शहरात दंगा उसळला हे प्रसिद्धच आहे. मी हा कर येथे मुद्दाम सांगतो, कारण नेमके हेच दशक कोकणपट्टीवरील गरीब माणसाच्या दुसऱ्या एका प्रवासाच्या आरंभाचे दशक आहे, आणि त्या प्रवासाची तयारी कुणी पत्रके पाहून केलेली नव्हती.

मॉरिशस हे नाव डच लोकांनी १५९८ साली आपल्या राजपुत्राच्या नावावरून ठेविले. पुढे १७१५ साली फ्रेंचांनी ते घेतले, आफ्रिका आणि मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांकडून ऊस लावला, आणि १८१० साली इंग्रजांनी ते जिंकले. १८३५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. मळेवाल्यांना गुलामांच्या मोबदल्याची रक्कम इंग्लंडच्या खजिन्यातून मिळाली, आणि मुक्त झालेल्या माणसांनी ज्या उसाने त्यांची पाठ मोडली होती त्याकडे स्वाभाविकपणेच पाठ फिरविली. मग मजूर आणावयाचे कोठून, या प्रश्नाचे उत्तर मळेवाल्यांना हिंदुस्थानात सापडले. गुलामगिरी संपण्याच्या तोंडावरच, १८३४च्या नोव्हेंबरात, ‘अ‍ॅटलास’ नावाच्या गलबतातून कलकत्त्याहून छत्तीस माणसे तेथे उतरली, आणि त्यापुढील पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लक्ष हिंदी स्त्रीपुरुष त्याच वाटेने गेले. त्यांच्याही आधी १८१५पासून बंगाल व मुंबई इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी तेथे रस्ते बांधण्यासाठी धाडले जात होते. १८३६ साली चार्ल्स डार्विन त्या बेटावर उतरला तेव्हा त्याने हे सुमारे आठशे कैदी पाहिले, आणि त्यांच्या मुद्रेवरील तेज व वागण्यातील स्वच्छता यांनी तो चकित झाला. जगातील एवढा सूक्ष्मदृष्टी निरीक्षक एका बेटावर जातो आणि तेथील कैद्यांकडेही आस्थेने पाहतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या मजूरभरतीत होणारी फसवणूक चव्हाट्यावर आल्यामुळे १८३९च्या सुमारास ती बंद करण्यात आली, पण १८४२ साली नवा कायदा होऊन कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून ती पुन्हा खुली झाली. मुंबईहून जाणारांची संख्या इतर दोन बंदरांच्या मानाने पुष्कळच थोडी. परंतु जे गेले ते रत्नागिरी, सावंतवाडी, कुलाबा, ठाणे आणि घाटावरील काही मुलखांतले, म्हणजे आपलेच. आरंभीच्या करारांत पाच वर्षांची मुदत, दरमहा पाच रुपयांच्या आसपास रोजमुरा, आणि शिध्यात तांदूळ, डाळ, तेल व मीठ. शिध्याच्या त्या यादीतील मीठ हा शब्द वाचताना खारीचा माणूस थबकल्यावाचून राहत नाही. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापावयाचा हा तेथील शिरस्ता होता, आणि मळ्याच्या हद्दीबाहेर जावयाचे तर परवाना लागे. पुढे परतीच्या भाड्याचे बंधनही मालकांच्या अंगावरून उतरविण्यात आले, तेव्हा ‘चार पैसे गाठीला बांधून परत येतो’ असे बायकोमुलांना सांगून निघालेल्या पुष्कळांचे परत येणे कायमचे राहून गेले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, पाठोपाठ कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातील माणसाला जवळच मजुरी मिळू लागली, तसतसा मुंबईहून मॉरिशसकडे जाणारा हा ओघ आटत गेला.

आमच्या मेजावरील एका पत्रकात उत्तर किनाऱ्यापासून नावेने ‘फ्लॅट’ आणि ‘गॅब्रिएल’ या दोन चिमुकल्या बेटांवर जाऊन पाण्याखालील मासे पाहण्याची आणि पुळणीवर भोजन करण्याची सहल नमूद केलेली आहे. सूनबाईंना ती सर्वांत आवडली, आणि ते साहजिकही आहे, कारण पाणी तेथे खरोखरच पारदर्शक असावे. पण हीच ती बेटे, जेथे पटकीची लागण झालेल्या जहाजांतील मजूर उतरवून ठेवीत. १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांतील लोकांना गॅब्रिएल बेटावर पुरेसा निवारा आणि पाणी न देता महिनोन्‌महिने डांबण्यात आले, आणि सुमारे सातशेंपैकी अडीचशेहून अधिक माणसे तेथेच मरण पावली. हिंदुस्थान सरकारला त्यासाठी काही काळ भरती थांबवावी लागली. मी हे सांगितल्यावर सूनबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग त्यांनी ती सहल रद्द न करता तिच्या समोर पेन्सिलीने एक फुली केली आणि म्हणाल्या, “आपण जाऊ, मामंजी. पण आधी घाटावर जाऊन मग जाऊ.”

घाट म्हणजे पोर्ट लुई बंदरातील आप्रवासी घाट. १८४९ साली बांधावयास घेतलेल्या या ठाण्याला युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा ठरविले. जहाजातून उतरलेला प्रत्येक माणूस येथील काळ्या दगडी पायऱ्या चढून आत जाई, आणि तेथे कारकून त्याची नोंद करी: अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, मुलूख, गाव. ती दफ्तरे आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत आणि वंशज तेथे आपल्या मूळपुरुषाचा शोध घेत जातात. कारकुनाला आडनाव ही वस्तू ठाऊक नव्हती, आणि पुष्कळदा सांगणारालाही ती नव्हती. म्हणून कानाला जसे ऐकू आले तसे बापाचे अथवा आजाचे नाव लिहिले गेले आणि तेच पुढे कुळाचे नाव होऊन बसले. त्यामुळे तेथील मराठी मंडळीत आपल्याला जोशी-कदम फारसे भेटत नाहीत. भेटतात ते बापू, गंगाराम, सखाराम, रामजी ही आडनावे लावणारे लोक. एका पित्याचे घरगुती हाकेचे नाव दीडशे वर्षे साऱ्या वंशाने मस्तकी धरावे, यात मला लेखनिकाच्या प्रमादापेक्षा त्या पित्याचेच स्मारक अधिक दिसते.

त्या लोकांनी भाषा पुष्कळशी गमावली. घरात क्रिओल बोलली जाते, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच. पण कोकणातील जाखडीचा फेर तेथे ‘झाकरी’ या नावाने अजून धरला जातो, मराठी शाळांतून शिकविली जाते, आणि गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सार्वजनिक सुटी असते, जी आपल्या देशातसुद्धा सर्वत्र नसते. घरोघरची मूर्ती नदीत नाही तर समुद्रात विसर्जित होते, आणि तो समुद्र व साष्टीच्या किनाऱ्याला लागणारा समुद्र एकाच महासागराचे भाग आहेत. मोका येथील महाराष्ट्र भवनापाशी २०२३ साली छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला.

घाटाच्या त्या पायऱ्यांच्या दगडाविषयी मी चिरंजीवांना जे सांगितले ते त्यांना प्रथम खरे वाटले नाही. भूशास्त्रज्ञांचे मत असे, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या खोल अग्निमुखातून लाव्हा वाहून आपला सह्याद्री आणि दख्खनचे पठार झाले, तेच मुख भूखंड उत्तरेस सरकत गेल्यावर समुद्राच्या तळातून ओकत राहिले, आणि अगदी अलीकडे, म्हणजे ८० ते ९० लक्ष वर्षांपूर्वी, त्याच्यातून मॉरिशस वर आले. घोडबंदरच्या टेकडीचा काळा कातळ आणि पोर्ट लुईच्या त्या पायऱ्यांचा काळा दगड एका कुशीतले ठरतात. उसाचे शेत करण्यासाठी मजुरांनी हेच धोंडे उचलून जे मनोरे रचले, ते आजही शेताशेतांतून उभे आहेत. कोकणातील माणसाला निदान तो दगड तरी परका वाटला नसेल.

बेताची अखेर आता जवळ आली आहे. मुंबईहून सरळ विमानाने सुमारे सहा तास लागतात, तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, आणि भारतीय पारपत्र असल्यास सहलीकरिता आगाऊ परवाना काढावा लागत नाही, ही सारी माहिती चिरंजीवांनी वहीत उतरवून घेतली. जानेवारी ते मार्च हे वादळांचे महिने टाळावयाचे ठरले. मे महिन्याच्या सुटीत तिकडे थंडीचा आरंभ असतो. दिवाळीत गेल्यास उसाची तोडणी चालू असलेली पाहावयास मिळते. मी दिवाळीच्या बाजूने मत दिले. मला तो ऊस उभा आणि तुटताना, दोन्ही अवस्थांत पाहावयाचा आहे, आणि जमल्यास मूठभर मोरस तिथून आणावयाची आहे.

माझे पारपत्र अद्याप निघावयाचे आहे. काल रात्री नातवाने त्याचा अर्ज उघडला आणि एकेक रकाना वाचून मला प्रश्न विचारू लागला: नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ. मी उत्तरे देत गेलो. जन्मस्थळाशी तो थांबला आणि म्हणाला, “आजोबा, मुंबई लिहू का?” मी त्याला खारी लिहावयास सांगितले, आणि त्याने अक्षरे नीट जुळविली आहेत की नाही हे चष्मा लावून दोनदा पाहून घेतले.