कार्यालयीन ई-मेल मोबाइलवर : व्यवस्था निवडताना

लोकलच्या गर्दीत मोबाइल हरवला, तर पूर्वी मालकाचे काही हजार रुपयांचे नुकसान होत असे. आता त्याच मोबाइलवर कंपनीचा ई-मेल, ग्राहकांची यादी, दरपत्रके आणि बँकेशी झालेला पत्रव्यवहार असतो. हरवतो एकाचा मोबाइल, पण धोक्यात येते संपूर्ण कंपनी. हा धोका कमी करणाऱ्या अनेक व्यवस्था बाजारात उपलब्ध आहेत. त्यातून निवड करताना बहुतेक व्यावसायिक सुविधांची यादी आणि दर पाहतात. मोबाइल कुणाच्या मालकीचा आणि नियंत्रणाची किल्ली कुणाच्या हाती, हे प्रश्न मात्र मागे पडतात. वास्तविक निवडीची सुरुवात याच प्रश्नांपासून व्हायला हवी.

दोन वेगळी कामे

मोबाइलवर ई-मेल पोहोचविणे आणि मोबाइलवर नियंत्रण ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात सर्व्हरवरील ई-मेल, कॅलेंडर आणि संपर्क मोबाइलशी जुळवून ठेवले जातात. दुसऱ्याला 'मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट' अर्थात 'एमडीएम' म्हणतात. पासवर्ड सक्तीचा करणे, ॲप्लिकेशन बसविणे वा रोखणे आणि मोबाइल हरवल्यास त्यातील माहिती दुरूनच पुसून टाकणे, ही त्याची प्रमुख अंगे होत.

कॅनडातील 'रिसर्च इन मोशन' या कंपनीने १९९९ मध्ये पहिला ब्लॅकबेरी बाजारात आणला. पुढील काही वर्षांत हँडसेट, सर्व्हर आणि संदेशांचे जाळे असे सारे काही एकाच कंपनीकडून घेण्याची पद्धत त्यामुळे रूढ झाली. मायक्रोसॉफ्टच्या 'ॲक्टिव्हसिंक' या तंत्राला २००८ मध्ये आयफोनची साथ मिळाली आणि २०१० मध्ये 'आयओएस ४'बरोबर ॲपलने एमडीएमची सोय केली. एकाचा हँडसेट, दुसऱ्याचा ई-मेल आणि तिसऱ्याचे नियंत्रण अशी मिश्र रचना त्यातून शक्य झाली. आजची निवडही याच रचनेतून करावी लागते.

मोबाइल कुणाचा?

हँडसेट कंपनीने घेऊन दिला असेल, तर पूर्ण नियंत्रण ठेवणे योग्य ठरते. 'ॲपल बिझनेस मॅनेजर' किंवा अँड्रॉइडच्या 'झिरो-टच' नोंदणीत असलेला हँडसेट पहिल्यांदा सुरू होताच कंपनीच्या नियंत्रणाखाली येतो आणि 'रिसेट' केल्यावरही पुन्हा तिथेच पोहोचतो. ही नोंदणी साधारणपणे अधिकृत विक्रेत्यामार्फत होते. त्यामुळे ती करून मिळेल का, हे खरेदीपूर्वीच विचारलेले बरे.

कर्मचाऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मोबाइलचा प्रश्न अधिक नाजूक आहे. केवळ ॲक्टिव्हसिंकवर विसंबून 'सर्व पुसा' असा आदेश दिला गेला, तर कंपनीच्या ई-मेलबरोबर मुलांची छायाचित्रे आणि खासगी संदेशही नष्ट होऊ शकतात. नोकरी सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्याबाबत असे घडल्यास त्याचे पर्यवसान कटुतेत आणि वादात होते. अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून पायाभरणी झालेला 'वर्क प्रोफाइल' आणि आयफोनमध्ये २०१९ च्या 'आयओएस १३'पासून आलेली 'युजर एनरोलमेंट' हे यावरील उपाय होत. त्यांत कार्यालयाचा कप्पा वेगळा राहतो आणि कंपनीला तेवढाच पुसता येतो. मोबाइलची नोंदणीच न करता केवळ कार्यालयीन ॲप्लिकेशनला कुलूप लावण्याचा तिसरा मार्गही आहे. यापैकी कोणताही मार्ग निवडला, तरी कंपनीला काय दिसेल आणि काय पुसता येईल, हे कर्मचाऱ्याला समजेल अशा भाषेत लिहून त्याची संमती घ्यावी.

किल्ली कुणाकडे?

नियंत्रणाचा सर्व्हर स्वतःच्या कार्यालयात ठेवावा की सेवा देणाऱ्या कंपनीच्या क्लाउडवर, यावर मतभेद आहेत. दोन्ही बाजूंनी ठेच लागल्याची उदाहरणे सापडतात. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्लॅकबेरीच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि युरोप, आफ्रिका, पश्चिम आशिया तसेच भारतातील ग्राहकांची सेवा काही दिवस विस्कळीत झाली. कंपन्यांचे स्वतःचे सर्व्हर सुरू असूनही मधले जाळेच कोलमडल्याने त्यांना हातावर हात धरून बसावे लागले. उलट जुलै २०२३ मध्ये नॉर्वेतील १२ मंत्रालये वापरत असलेल्या व्यवस्थेवर हल्ला झाला. 'इव्हान्टी' कंपनीच्या मोबाइल नियंत्रण सॉफ्टवेअरमधील त्रुटी हा हल्लेखोरांचा प्रवेशमार्ग होता. म्हणजे रक्षणासाठी बसविलेली यंत्रणाच चोरवाट ठरली.

सर्व्हर स्वतःकडे ठेवायचा, तर सुरक्षा सुधारणा येताच त्या बसविणारा माणूस हवा. तो नसेल तर क्लाउड बरा. दोन्ही पर्यायांत प्रशासकाच्या खात्याला दुहेरी पडताळणी अत्यावश्यक आहे. आयफोन वापरणाऱ्या कंपन्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. एमडीएमसाठी ॲपलकडून मिळणारे 'पुश' प्रमाणपत्र दरवर्षी त्याच ॲपल खात्यातून नूतनीकृत करावे लागते. ते खाते एखाद्या कर्मचाऱ्याच्या खासगी नावावर असले आणि तो सोडून गेला, तर सर्व आयफोनची नोंदणी नव्याने करण्याची वेळ येते. खाते कंपनीच्या नावावर असणेच हिताचे.

बाहेर पडण्याची वाट

या बाजारात कंपन्यांचे मालक वारंवार बदलतात. 'एअरवॉच' २०१४ मध्ये 'व्हीएमवेअर'कडे गेली, व्हीएमवेअर २०२३ मध्ये 'ब्रॉडकॉम'ने घेतली आणि हा विभाग २०२४ मध्ये 'ऑम्निसा' नावाने वेगळा झाला. 'मोबाइलआयर्न' २०२० मध्ये इव्हान्टीत विलीन झाली. जुन्या ब्लॅकबेरी हँडसेटची सेवा तर ४ जानेवारी २०२२ रोजी कायमची थांबली. म्हणूनच करारापूर्वी विचारावे : व्यवस्था बदलायची झाल्यास प्रत्येक मोबाइल पुसावा लागेल का? नोंदी आणि नियमावली कोणत्या स्वरूपात परत मिळतील?

खर्चाचा विचार करताना हाताशी असलेल्या सेवा आधी तपासाव्यात. 'गुगल वर्कस्पेस'मध्ये प्राथमिक नियंत्रणाची सोय असते. 'मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम'मध्ये 'इन्ट्यून' समाविष्ट आहे. चेन्नईच्या 'झोहो'चा 'मॅनेजइंजिन' हा भारतीय पर्यायही उपलब्ध आहे.

कायदा आणि चाचणी

'सर्ट-इन'च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेतील हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कोणत्या मोबाइलवर कोणती माहिती होती आणि ती केव्हा पुसली, याची नोंद व्यवस्थेतून मिळते की नाही, हे पाहणे त्यामुळे गरजेचे ठरते.

अखेरचा निर्णय विक्रेत्याच्या सादरीकरणावर घेऊ नये. दहा-बारा कर्मचाऱ्यांचे वेगवेगळे हँडसेट घेऊन महिनाभर चाचणी करावी. स्वस्त अँड्रॉइड हँडसेटही त्यात असावेत. एक मोबाइल 'हरवला' असे समजून कार्यालयाचा कप्पा पुसला जाण्यास किती वेळ लागतो, याचे मोजमाप घ्यावे. इंटरनेट बंद असलेल्या मोबाइलपर्यंत आदेश पोहोचत नाही, हेही त्यातून ध्यानात येईल. पडद्याचे कुलूप आणि माहितीचे एन्क्रिप्शन पहिल्या दिवसापासून सक्तीचे करायचे, ते याच कारणासाठी.