बोका हरवला, त्याची गोष्ट

आजच्या भागात राजे नाहीत, तह नाहीत. लढाई आहे, पण ती लांब युरोपात चालू आहे. आजचा नायक एक बोका आहे, काळा, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. नाव ट्रिम.

पण ट्रिमकडे जायच्या आधी मला बंड्याबद्दल सांगावं लागेल, कारण बंड्या नसता तर मी हा भाग केलाच नसता.

बंड्या करडा, पट्टेरी, शेपटीचं टोक जरासं मोडलेलं. एका पावसाळ्यात भिजून आमच्या सांगलीच्या घरात आला आणि चार वर्षं राहिला. मग मला पुण्यात नोकरी लागली, आई-बाबा दादाकडे बंगळुरूला गेले, आणि पुण्यात जी खोली मिळाली तिच्या मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, मांजर-कुत्रं चालणार नाही. मी बंड्याला कऱ्हाडला मावशीकडे नेऊन ठेवलं. मागे अंगण, मावशीला मांजरांची आवड, मला वाटलं बेस्ट झालं. बाराव्या दिवशी मावशीचा फोन. "अगं, बंड्या दोन दिवस झाले दिसला नाही."

नंतर कधीच दिसला नाही.

मांजर डोळ्यांदेखत गेलं तर निदान रडता येतं, अंगणात खड्डा करता येतो. हरवलेल्या मांजराचं काय करायचं? सगळे म्हणाले, बोका आहे, बोके जातातच. ऑफिसमध्ये तर मी सांगितलंच नाही. मांजरासाठी सुट्टी कोण देतं? त्या दिवसांत मोबाइलवर असंच काहीबाही वाचताना मला मॅथ्यू फ्लिंडर्स भेटला.

फ्लिंडर्स हा ब्रिटिश नौदलातला अधिकारी, जन्म 1774 चा. ऑस्ट्रेलिया हे एकच सलग खंड आहे हे ज्यांच्या सफरींमुळे पक्कं झालं, त्यांच्यात याचं नाव वरचं. 'ऑस्ट्रेलिया' हे नाव रुळवण्यातही त्याचा मोठा वाटा. शाळेच्या पुस्तकात त्याच्यावर एखादी ओळ असेल-नसेल. त्याने आपल्या बोक्यावर मात एक अख्खा निबंध लिहून ठेवलाय, आणि तो वाचताना मी बसमध्ये मोठ्याने हसले.

फ्लिंडर्स लिहितो त्याप्रमाणे ट्रिमचा जन्म 1799 मध्ये 'रिलायन्स' जहाजावर झाला, केप ऑफ गुड होपकडून सिडनीच्या बाजूला येताना, भर हिंदी महासागरात. जमीन म्हणजे काय हे त्या पिल्लाला माहीतच नव्हतं. लहानपणी खेळता खेळता ते समुद्रात पडलं. वरून दोर सोडला तर पठ्ठ्या पोहत आला आणि दोराला नख्या रोवून माणसासारखा वर चढला. लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी' या कादंबरीत अंकल टोबीचा ट्रिम नावाचा एक विश्वासू नोकर आहे, त्याचं नाव याला मिळालं.

जहाजावर मांजर ठेवायचे ते उंदरांसाठी. धान्य, दोर, शिडं, उंदीर कशालाच सोडत नाहीत. म्हणजे ट्रिम कामावर होता. पण स्वारी जेवायला बसायची अधिकाऱ्यांच्या टेबलावर. सगळ्यांच्या आधी हजर, आणि आधी अगदी सभ्यपणे मागणार. कुणी लक्ष दिलं नाही की काट्याला टोचलेला तुकडा तोंडाशी पोचायच्या आत पंजाने उडवणार, तेही इतक्या नाजूकपणे की माणसाला राग यायच्या ऐवजी हसू यायचं. रात्री अधिकारी ताऱ्यांची निरीक्षणं घेऊ लागले की हा घड्याळापाशी जाऊन बसायचा. काट्याकडे टक लावून बघायचा, टिकटिक ऐकायचा आणि हळूच पंजा लावून बघायचा की हे जिवंत आहे का. (बंड्या वॉशिंग मशीनसमोर असाच बसायचा, कपडे गोल फिरत असायचे आणि याची मान पण गोल.)

1801 मध्ये फ्लिंडर्स 'इन्व्हेस्टिगेटर' जहाज घेऊन इंग्लंडहून निघाला आणि 1802-03 मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाला पूर्ण वळसा घातला. ट्रिम सोबत होताच. आणखी एक माणूस होता, बंगारी, सिडनीच्या उत्तरेकडचा आदिवासी. त्याच मातीत जन्मून त्या खंडाला वळसा घालणारा नोंदीतला पहिला माणूस. फ्लिंडर्स लिहितो की ट्रिमची आणि बंगारीची विशेष मैत्री. तहान लागली की ट्रिम बंगारीला हाक मारून पाण्याच्या पिंपावर उडी मारायचा, भूक लागली की त्याला खाली नेऊन थेट त्याच्या ताटाशी उभा करायचा. मोहिमांच्या इतिहासात बंगारीसारख्यांची नावं किती सहज गळतात हे आपण मागे बोललोय. इथे एका बोक्याच्या चरित्रात तो माणूस जेवताना, पाणी देताना दिसतो.

परतीचा प्रवास बघा. 'इन्व्हेस्टिगेटर' कुजलं, म्हणून 'पॉरपॉइझ' नावाच्या जहाजातून निघाले. ऑगस्ट 1803 मध्ये ते प्रवाळाच्या खडकावर फुटलं. ट्रिम वाचला. फ्लिंडर्स एका उघड्या होडीतून हजारापेक्षा जास्त किलोमीटर वल्हवत, शीड लावत सिडनीला गेला, मदत घेऊन परत आला, आणि मग 'कंबरलँड' नावाच्या जेमतेम 29 टनांच्या गळक्या जहाजातून दोघं इंग्लंडच्या दिशेने निघाले. इतकं पाणी आत यायला लागलं की वाटेत थांबणं भाग पडलं. डिसेंबर 1803 मध्ये ते एका बेटावर उतरले. तेव्हाचं नाव इल द फ्रान्स, आजचं मॉरिशस.

मॉरिशस म्हटलं की आपल्याला तिथली मराठी मंडळी आणि त्यांचा गणेशोत्सव आठवतो. पण त्यांचे पूर्वज करारावरचे मजूर म्हणून तिथे गेले ते यानंतर तीसेक वर्षांनी. 1803 मध्ये बेट फ्रेंचांचं होतं, उसाचे मळे होते आणि बेटावरचे बहुसंख्य लोक गुलाम होते. आणि फ्लिंडर्सला वाटेत पत्ताच नव्हता की ब्रिटन आणि फ्रान्सचं युद्ध पुन्हा सुरू झालंय. त्याच्याकडे फ्रेंचांनी दिलेला परवाना होता, पण त्यावर नाव 'इन्व्हेस्टिगेटर'चं आणि आला 'कंबरलँड'मधून. गव्हर्नर जनरल दकाँ याला संशय आला, हेर असणार. नंतर त्याच घरून जेवायचं आमंत्रण आलं, तर आमच्या फ्लिंडर्सने अपमान झालाय म्हणून जायला नकार दिला. दोघेही हट्टी. साडेसहा वर्षं तो त्या बेटावर अडकून पडला. लग्न करून तीन महिन्यांत घर सोडलेलं, बायको अ‍ॅन इंग्लंडमध्ये वाट बघतेय.

कैदेत सोबतीला ट्रिम. पण पहारेकरी शिपाई त्याला काही करतील अशी फ्लिंडर्सला धास्ती वाटायला लागली. तेवढ्यात एका फ्रेंच बाईंनी विचारलं, माझ्या लहान मुलीला सोबत होईल, द्या ना आमच्याकडे. त्याने विचार केला आणि दिला. बोक्याच्याच भल्यासाठी.

जेमतेम पंधरा दिवस गेले असतील, बेटाच्या गॅझेटमध्ये जाहिरात आली. ट्रिम सापडत नाही, आणून देणाऱ्याला दहा स्पॅनिश डॉलर बक्षीस. फ्लिंडर्सने लिहिलंय की मी तर आनंदाने पन्नास दिले असते. शोधाशोध झाली, काही उपयोग झाला नाही. साल 1804.

इथे मी बसमध्ये मोबाइल बंद केला. पंधरा दिवस आणि बारा दिवस.

खरं सांगायचं तर पुढचं वाक्य वाचायला मी तयार नव्हते. फ्लिंडर्स लिहितो की बहुधा कुणा भुकेल्या काळ्या गुलामाने त्याला शिजवून खाल्लं असणार. पुरावा शून्य. पहारेकरी शिपायांची त्याला स्वतःलाच भीती होती, बंदरात जहाजं होती, बोका जहाजावर जन्मलेला, एखाद्या दोरावरून चढून निघूनही गेला असेल. पण त्याने बोट दाखवलं ते बेटावरच्या सगळ्यात तळाच्या माणसाकडे. तो स्वतः कैदी होता, अन्यायाने कोंडलेला होता, त्यावर पानंच्या पानं लिहीत होता. आजूबाजूला हजारो माणसं जन्मभरासाठी कोंडलेली होती. त्यांची भूक त्याला दिसली ती याच वाक्यात, आणि तीही आरोप म्हणून.

हे वाचून मला राग यायला हवा होता. मला कऱ्हाड आठवलं. मावशीच्या घरासमोर इमारतीचं काम चालू होतं, पत्र्याच्या शेडमध्ये मजूर राहायचे, बाहेरगावचे. मावशी फोनवर म्हणाली होती, "त्या लोकांचं काही सांगता येत नाही बाई, खातात म्हणे." आणि मी काय केलं? मी ते मानलं. हो, म्हणाले असेल. कारण त्याने माझी सुटका होत होती. बंड्याला त्याच्या घरातून उचलून अनोळखी गावी मीच टाकलं होतं, तो सांगलीच्या वाटेला लागला असेल आणि हायवेवर गाडीखाली आला असेल, हे मानण्यापेक्षा शेडमधली माणसं सोपी होती.

दोन महिन्यांनी मी कऱ्हाडला गेले. रिक्षातून उतरतेय तोवर शेडमधली एक बाई समोर आली, कडेवर पोरगी. हिंदीत विचारलं, "दीदी, बिल्ली मिली क्या?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, पोरगी रोज त्याला चपातीचा तुकडा टाकायची, अजून संध्याकाळी भिंतीकडे बघत बसते. मला काय बोलावं सुचेना. मी नुसतं त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेले. मावशीला मी हे सांगितलं. ती गप्प बसली, मग म्हणाली, "चहा टाकते."

असो. ट्रिमवरचा तो निबंध फ्लिंडर्सने कैदेतच लिहिला, 1809 मध्ये, म्हणजे ट्रिम हरवल्यावर पाच वर्षांनी. वरवर सगळी थट्टा आहे, मोठ्या माणसाचं चरित्र लिहावं तसा थाट. पण मधेच एक वचन आहे. कधी मायदेशी निवांत राहता आलं, गवताने शाकारलेलं छोटं घर आणि भोवती अर्धा एकर जागा मिळाली, तर तिच्या सगळ्यात शांत कोपऱ्यात ट्रिमचं स्मारक उभारीन.

हसत हसत रडण्याची ही रीत त्याची एकट्याची नाही. जपानी लेखक नात्सुमे सोसेकी, ज्याची 'मी मांजर आहे' ही कादंबरी तिकडे घरोघरी माहीत आहे, त्याच्या घरात आपण होऊन आलेलं एक मांजर होतं. त्याला कधी नावही दिलं नाही. 1908 मध्ये ते गेलं तेव्हा सोसेकीने शिष्यांना रीतसर मृत्यूची कार्डं पाठवली, माणूस गेल्यावर पाठवतात तशी, आणि वर लिहिलं की मी कादंबरी लिहिण्यात गुंतलोय, अंत्ययात्रेला यायची गरज नाही. घरात मागच्या बागेत पुरलं. पुढे त्याची बायको पुण्यतिथीला माशाचा तुकडा आणि भात ठेवायची. म्हणजे आपल्याकडे पान वाढतात तसंच की!

इजिप्तमध्ये तर लाजायचं कारणच नव्हतं. हिरोडोटसने लिहून ठेवलंय की घरातलं मांजर मेलं की घरातले सगळे भुवया काढून टाकायचे. कैरोच्या संग्रहालयात राजपुत्र थुतमोसच्या मांजरीची दगडी शवपेटी आहे, तीन हजार वर्षांपेक्षा जुनी, आणि त्यावर मांजरी नैवेद्याच्या ताटासमोर बसलेली कोरली आहे. गंमत म्हणजे याच इजिप्तच्या उत्खननात ज्याने आयुष्य घातलं तो फ्लिंडर्स पेट्री हा आपल्या फ्लिंडर्सचा नातू, मुलीचा मुलगा. ती मुलगी 1812 मध्ये झाली, म्हणजे फ्लिंडर्स अखेर घरी पोचल्यावर.

हो, पोचला तो. जून 1810 मध्ये सुटका झाली, ऑक्टोबरमध्ये घर. पण तब्येत गेलेली. पुढची वर्षं प्रवासाचं मोठं पुस्तक आणि नकाशे पूर्ण करण्यात गेली. 18 जुलै 1814 ला पुस्तक प्रसिद्ध झालं आणि 19 तारखेला तो गेला. वय 40. अर्धा एकर जागा काही झाली नाही, स्मारकही नाही.

आणि ऐका, फ्लिंडर्ससुद्धा हरवला. लंडनच्या ज्या दफनभूमीत त्याला पुरलं, तिच्यावर पुढे युस्टन स्टेशन पसरलं. थडग्याचा दगड कधीच गेला होता. कप्तान कुठल्यातरी फलाटाखाली आहे अशा गोष्टी लोक सांगायचे. जानेवारी 2019 मध्ये नव्या रेल्वेमार्गासाठी खोदकाम करताना हजारो थडग्यांमध्ये त्याची पेटी सापडली, शिशाच्या पत्र्यावर नाव होतं म्हणून ओळखता आली. जुलै 2024 मध्ये त्याला त्याच्या जन्मगावी, डॉनिंग्टनला, पुन्हा पुरलं.

ट्रिमचं स्मारक मात्र झालं, फ्लिंडर्सच्या हातून नाही, पण झालं. सिडनीत मिचेल लायब्ररीबाहेर फ्लिंडर्सचा जुना पुतळा आहे. त्याच्या मागे खिडकीच्या कट्ट्यावर 1996 मध्ये ट्रिमचा ब्राँझचा पुतळा बसवला, एक पंजा उचललेला. सिडनीत राहणारे आपले बरेच श्रोते आहेत, तुम्ही तिथून जात असाल तर फोटो काढून पाठवा. मला मोबाइलवर लावायचाय.

बंड्याची वाटी मावशीने अजून अंगणात ठेवली आहे. हल्ली एक पांढरी मांजरी येते म्हणे दुधाला. मावशी तिला नाव ठेवत नाहीये.

चला, भेटू पुढच्या भागात.